पाळीव गेकोला जिवंत अळ्या : भीती कुठे सोडावी, काळजी कुठे घ्यावी

लेपर्ड गेको घरात आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या खाण्याचा प्रश्न उभा राहतो. पालीच्या जवळचा, पण डोळ्यांना पापण्या असलेला आणि भिंतीवर न चढणारा हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. तो दाणे खात नाही, पालाही खात नाही. समोर काही हलले तरच ती शिकार आहे हे त्याला कळते. त्यामुळे जिवंत किडे किंवा अळ्या दिल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि भीती सुरू होते ती इथेच. गिळलेली अळी आतून पोट कुरतडून बाहेर येते, असे नव्या पालकाला कोणी ना कोणी सांगतेच. मग कोणी अळीचे डोके चिरडून ती देतो, कोणी सुकवलेल्या अळ्यांची पुडी आणतो, तर कोणी दुकानातल्या अळ्या नकोच म्हणून शेतातून किंवा परसातून ‘नैसर्गिक’ अळ्या गोळा करून आणतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत धोक्याचाही. अळी धोकादायक ठरते की नाही हे चार गोष्टींवर अवलंबून असते: ती कुठून आली, ती केवढी आहे, तिने स्वतः काय खाल्ले आहे आणि ती खाणाऱ्या गेकोच्या अंगात पुरेशी ऊब आहे का. या चार गोष्टी सांभाळल्या तर जिवंत अळी हे सुरक्षित अन्न आहे. त्यांकडे दुर्लक्ष केले, तर अळीचे डोके चिरडूनही काही साधत नाही.

पोट पोखरण्याचे काय?

आधी या जुन्या भीतीचा विचार करू, कारण ती अगदीच निराधार वाटत नाही. मीलवर्म आणि सुपरवर्म या दोन्ही भुंग्यांच्या अळ्या आहेत आणि त्यांचे जबडे खरोखर मजबूत असतात. मीलवर्म थर्मोकोल खाऊन ते काही प्रमाणात पचवतात, हे चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. सुपरवर्मही थर्मोकोलवर जगू शकतात, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. थर्मोकोल कुरतडणारी अळी पोटाचे पातळ अस्तर का कुरतडणार नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. पण थर्मोकोलवर बसलेल्या अळीला हवा असते, पाय रोवायला जागा असते आणि हाताशी तासन् तास असतात. गेकोच्या तोंडात गेलेली अळी आधी जबड्यात दाबली जाते, चिरडली जाते आणि मगच गिळली जाते. पुढे जठरातले आम्ल, पाचकरस आणि स्नायूंचे सतत आवळणे तिच्यावर एकाच वेळी काम करू लागते. निरोगी, ऊबदार गेकोच्या पोटात अशी अळी जबडा रोवून भिंत फोडील, ही गोष्ट तिच्या आणि गेकोच्या शरीररचनेशी जुळत नाही.

निसर्गात याला अपवाद नाहीत का? आहेत, आणि ते दडवण्याचे कारण नाही. जपानमधल्या कोबे विद्यापीठातले शास्त्रज्ञ शिंजी सुगिउरा यांनी २०२० मध्ये नोंदवले की एक पाणभुंगा बेडकाने गिळल्यावरही त्याच्या गुदद्वारातून जिवंत बाहेर पडतो. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एपोमिस नावाच्या भुंग्याच्या अळीचे वर्णन केले. ती बेडकांनाच भक्ष्य बनवते, आणि एका प्रसंगी भेकाने गिळून दोन तासांनी ओकलेली अळी उलट त्याच भेकाला खाऊ लागली. ही दोन्ही उदाहरणे काय सांगतात? पाणभुंगा पोट फोडत नाही, तयार वाटेनेच बाहेर येतो. एपोमिसची अळी उभयचरांवर जगण्यासाठीच उत्क्रांत झालेली आहे, आणि तीही तोंडावाटेच बाहेर आली. मीलवर्म हा पिठात, कोंड्यात राहणारा किडा आहे. कोणाच्या पोटातून निसटण्याची कसलीच युक्ती त्याच्याजवळ नाही. मेलेल्या गेकोजवळ जिवंत अळ्या दिसतात तेव्हा पेटीत उरलेल्या भुकेल्या अळ्यांनी मृत शरीर कुरतडलेले असण्याचीच शक्यता जास्त असते. तेव्हा डोके चिरडण्याची गरज नाही. उलट चिरडलेली अळी हलेनाशी होते आणि गेको तिच्याकडे पाहतही नाही.

अळीच्या जबड्याचा खरा धोका पोटाबाहेर असतो. खाऊन उरलेल्या अळ्या किंवा रातकिडे पेटीत रात्रभर मोकळे राहिले तर झोपलेल्या, आजारी किंवा कात टाकणाऱ्या गेकोची बोटे, शेपटी आणि पापण्या ते कुरतडू शकतात. यावरचा उपाय सोपा आहे. अळ्या गुळगुळीत, उभ्या कडांच्या वाटीत द्याव्यात म्हणजे त्या बाहेर चढत नाहीत, आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेल्या काढून घ्याव्यात. वाटीचा आणखी एक फायदा आहे. अळी पकडताना गेकोच्या तोंडात वाळू जात नाही. पोटात साठलेली वाळू आतडे अडवू शकते, म्हणून पेटीत वाळूऐवजी कागद किंवा फरशी घालणेच बरे.

शेतातली अळी का नको?

आता मूळ मुद्दा. लातूर हा सोयाबीनचा जिल्हा. नांदेडमध्ये सोयाबीनसोबत कापूस, तूर, हळद आणि केळी. या पिकांवर अळ्यांना तोटा नसतो: सोयाबीनवर हिरवी उंटअळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी, हरभऱ्यावर घाटेअळी, कापसात गुलाबी बोंडअळी, मक्यावर लष्करी अळी, मातीत हुमणी. गेकोच्या मालकाला वाटते की हे तर फुकटचे, ताजे आणि रानचे अन्न. पण ज्या पिकावर अळी आहे त्या पिकावर औषध पडले आहे किंवा पडणार आहे, हे शेतकरी कुटुंबातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जून-जुलैत सोयाबीन, पुढे कापूस, मग हरभरा, असे फवारणीचे चक्र जवळपास फेब्रुवारीपर्यंत चालते. शिवाय फवारणी दिसते, पण बीजप्रक्रिया दिसत नाही. खोडमाशीसाठी सोयाबीनच्या बियाण्याला लावलेले थायामेथॉक्झामसारखे आंतरप्रवाही औषध रोपाच्या रसात उतरते आणि ते पान खाणाऱ्या किड्याच्या अंगातही जाते. सहज हाती लागणारी, सुस्त अळी सुस्त का झाली आहे, याचा विचार करावा. तिला विषबाधा झालेली असू शकते.

ही विषे माणसालाही सोडत नाहीत, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने दाखवले आहे. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे २० जणांचा जीव गेला. लेपर्ड गेकोचे वजन साधारण पन्नास ते ऐंशी ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला जी मात्रा जाणवणारही नाही, ती या प्राण्याच्या वजनाच्या मानाने फार मोठी ठरते. त्यात तो एका जेवणात चार-पाच अळ्या खातो, म्हणजे चार-पाच किड्यांत साठलेले अवशेष एकाच पोटात जातात. घरातल्या आणि गल्लीतल्या किड्यांचीही हीच गत आहे. झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, डेंग्यूच्या दिवसांतली धूरफवारणी यांतून वाचलेला किडा विषमुक्त असेलच असे नाही. दिव्याखाली पडलेले किडे गोळा करून गेकोला घालणे म्हणूनच चुकीचे आहे.

काही अळ्या आणि किडे फवारणीशिवायही विषारी असतात. रुईच्या पानांवर दिसणारी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी ही प्लेन टायगर फुलपाखराची. रुईच्या चिकातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये ती अंगात साठवते. सोयाबीन आणि सूर्यफुलावरच्या केसाळ अळ्यांचे केस तोंडाला आणि घशाला इजा करतात. तूर-मुगाच्या फुलांवर येणाऱ्या हिंगे भुंगेऱ्यांच्या अंगात कातडीवर फोड आणणारे कँथॅरिडिन असते. पेरणीच्या दिवसांत मराठवाड्यात थव्याने निघणारी वाणी दिसायला अळीसारखी असली तरी ती अळी नाही, आणि त्रास झाला की ती दाहक द्रव सोडते. अमेरिकेतल्या काजव्यांमुळे पाळीव सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत, म्हणून काजवा कुठलाही असो, तो देऊ नये. गांडूळखताच्या हौद्यातली तांबडी गांडुळेही टाळावीत. डिवचले की ती दुर्गंधीयुक्त पिवळसर द्रव सोडतात आणि काही सरपटणारे प्राणी ती थुंकून टाकतात. अळी ओळखता येत नसेल तर ती द्यायची नाही, एवढा नियम घरातल्या लहानथोरांनी पाळला तरी पुरे.

यावर एक हरकत नेहमी येते, आणि ती विचार करण्याजोगी आहे. आपल्या भिंतीवरची पाल शेतातले, दिव्याखालचे, स्वयंपाकघरातले सगळे किडे खाते आणि जगते, मग पाळीव गेकोलाच एवढे सोवळे कशाला? एक तर जगलेल्या पाली आपल्याला दिसतात, मेलेल्या दिसत नाहीत. दुसरे म्हणजे रानातला प्राणी दहा जागी हिंडतो, निवडतो, कडू लागलेले सोडतो आणि त्याच्या जेवणात विविधता असते. पेटीतल्या प्राण्यासमोर आपण जे ठेवू तेच त्याला खावे लागते, आणि एकाच शेतातून आणलेल्या अळ्या रोज ठेवल्या तर तेच विष रोज पोटात जाते. तिसरी गोष्ट अशी की चांगल्या देखभालीत लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षे जगतो. आज काही झाले नाही यावरून इतक्या दीर्घ आयुष्याची हमी मिळत नाही.

मराठवाड्यातला चांगला पर्याय : रेशीम अळी

मग अळ्या आणायच्या कुठून? अन्नासाठीच वाढवलेल्या, म्हणजे कोंड्यावर पोसलेल्या मीलवर्मपासून सुरुवात करता येते. पक्षी आणि मासे पाळणाऱ्यांसाठी काही दुकानांत ते मिळतात. पण मराठवाड्याकडे याहून चांगला पर्याय आहे आणि गेको पाळणाऱ्यांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. तो म्हणजे तुतीवरची रेशीम अळी. राज्य शासनाच्या महारेशीम अभियानामुळे लातूर, नांदेड, बीड, जालना या जिल्ह्यांत तुतीची लागवड आणि कीटक संगोपनगृहे परिचयाची झाली आहेत. रेशीम अळी मऊ असते, जाड कवचाची नसते, चावत नाही आणि पळून जात नाही. तिच्या शरीरात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी आणि दीड टक्क्याच्या आसपासच चरबी असते. तुलनेसाठी, मीलवर्ममध्ये सुमारे १३ टक्के आणि मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणअळीत सुमारे २५ टक्के चरबी असते. उन्हाळ्यात पाण्याला तोंड न लावणाऱ्या गेकोला रेशीम अळीतून पाणीही मिळते.

पण रेशीम अळीचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. कीटकनाशकाला ती कमालीची संवेदनशील असते. शेजारच्या शेतातल्या फवारणीचा वारा तुतीच्या पाल्यावर आला तरी अळ्या आंबट ओकतात, वळवळतात आणि बॅचच्या बॅच मरते. म्हणून रेशीम उत्पादक शेतकरी आपली तुती फवारणीपासून जिवापाड जपतो. या अळीला दूषित पाला पचतच नाही, त्यामुळे जी अळी नीट वाढते आहे, भरपूर खाते आहे आणि वेळेवर कात टाकते आहे, तिच्या अंगात कीटकनाशकाचे अवशेष असण्याचा संभव फारच कमी. शेतातल्या इतर कोणत्याही अळीबद्दल इतक्या विश्वासाने बोलता येत नाही.

तरीही अळ्या घेताना चार गोष्टी सांभाळाव्यात. संगोपनात रोग येऊ नये म्हणून अळ्यांवर आणि बेडवर निर्जंतुक पावडरी धुरळतात, चुना टाकतात, खोलीत ब्लिचिंग वापरतात. म्हणून शेवटची धुरळणी कधी झाली हे विचारावे, आणि अळ्या घरी आणून दोन दिवस स्वच्छ तुतीचा पाला खाऊ घातल्यावरच गेकोला द्याव्यात. ग्रासरी, फ्लॅचरी किंवा मस्कार्डिनने आजारी पडलेल्या, फुगलेल्या, काळवंडलेल्या, लोळागोळा झालेल्या अळ्या फुकट मिळाल्या तरी नाकाराव्यात. आकाराचेही भान हवे. चॉकी, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांचे संगोपन, संपवून शेतकऱ्याकडे येणाऱ्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या प्रौढ गेकोला योग्य ठरतात. कोष बांधायला आलेली सात-आठ सेंटिमीटरची पाचव्या अवस्थेतली अळी त्याच्यासाठी फार मोठी. आणि उरलेल्या अळ्या संगोपनगृहात कधीही परत नेऊ नयेत. आपल्या घरातून गेलेला जंतू शेतकऱ्याची पूर्ण बॅच बुडवू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात बऱ्याच ठिकाणी संगोपन थांबते, तेव्हा त्या काळासाठी मीलवर्मची सोय असू द्यावी. संपर्कासाठी जिल्हा रेशीम कार्यालय लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत आहे.

अळीने काय खाल्ले?

सुरक्षिततेचा विचार करताना लोक विषापाशी थांबतात. पण पाळीव गेकोंच्या बाबतीत सावकाश आणि हमखास नुकसान करणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियमची कमतरता. गेकोच्या आहारात कॅल्शियम किमान फॉस्फरसइतके, शक्यतो त्याच्या दीड-दोन पट हवे. मीलवर्ममध्ये चित्र नेमके उलटे असते. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा पटींहून अधिक भरतो. रेशीम अळीतही कॅल्शियम कमीच. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या हा एक ठळक अपवाद. त्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर असते. नुसत्या मीलवर्मवर वाढलेल्या गेकोचे शरीर हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीला बाक येतो, चालताना थरथर होते. महिनोन्महिने चाललेले हे नुकसान दिसू लागते तेव्हा ते पूर्ण भरून काढणे कठीण असते.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिला, अळीला आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी चांगले खाऊ घालणे. मीलवर्मला कोंड्याबरोबर गाजर, लाल भोपळा आणि कॅल्शियमने समृद्ध असलेला शेवग्याचा पाला धुऊन, कोरडा करून द्यावा. दुसरा, वाढण्याआधी अळ्या डब्यात चिमूटभर कॅल्शियम पावडरीबरोबर हलवून घेणे. ही पावडर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, फॉस्फरसविरहित असावी. ड जीवनसत्त्व असलेली पावडर किती वेळा द्यायची ते पशुवैद्याला विचारून ठरवावे, कारण हे जीवनसत्त्व जास्त झाले तरी घातक आहे. दोन चुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पानाला लावायचा चुना हाही कॅल्शियमच आहे असे समजून कोणी तो अळीला लावू नये; तो दाहक असतो आणि त्याने तोंड-अन्ननलिका भाजते. गाईम्हशींचे खनिज मिश्रणही वापरू नये. त्यात फॉस्फरस घातलेला असतो, आणि आपल्याला नको आहे तोच.

कोंड्याचीही चौकशी करावी. धान्य साठवताना अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर वापरलेली असू शकते. म्हणून कोंडा खाण्याच्या धान्याचा, खात्रीच्या गिरणीतला घ्यावा आणि आधी थोड्या अळ्यांवर आठवडाभर वापरून पाहावा. कुरिअरने येणाऱ्या अळ्या थर्मोकोलच्या डब्यात आल्या असतील तर त्या लगेच प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या डब्यात काढाव्यात, कारण त्या तो डबा कुरतडतात. मे महिन्यात नांदेडचे तापमान ४३-४४ अंशांपर्यंत चढते. त्या दिवसांत पार्सलमध्ये अर्ध्या अळ्या मरून कुजलेल्या निघू शकतात. काळ्या पडलेल्या, वास येणाऱ्या अळ्या फेकाव्यात आणि उरलेल्यांना दोन दिवस खाऊ घालून तपासावे. मीलवर्म फ्रिजच्या दारात बरेच दिवस टिकतात, पण देण्याआधी एक दिवस बाहेर ठेवून त्यांना खाऊ घालावे. सुपरवर्म फ्रिजमध्ये मरतात.

आकार आणि ऊब

अळीची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. पिल्लांना रोज, प्रौढांना दोन-तीन दिवसांनी खाऊ घालावे. सुपरवर्म फक्त मोठ्या, धडधाकट गेकोला आणि तेही अधूनमधून द्यावा. मेणअळी ही चरबीची गोळी असल्याने महिन्यातून एक-दोनदाच, किंवा आजारातून उठलेल्या प्राण्याचे वजन वाढवायला द्यावी. मीलवर्म द्यायचे तर नुकतीच कात टाकलेल्या पांढऱ्या, मऊ अळ्या पचायला सोप्या जातात.

गेकोचे पचन त्याच्या अंगातल्या उष्णतेवर चालते, आणि ही उष्णता त्याला बाहेरून घ्यावी लागते. पेटीच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश गरम असायला हवी. डिसेंबर-जानेवारीत लातूरच्या पठारावर रात्रीचा पारा १०-१२ अंशांपर्यंत घसरतो. त्याच रात्री वीज गेली आणि हीटिंग पॅड बंद पडले, तर संध्याकाळी खाल्लेली अळी पोटात न पचता सडू लागते. पोट फोडून अळी बाहेर आली म्हणून जे किस्से पसरतात, त्यांपैकी काहींच्या मुळाशी गारठलेल्या, दुबळ्या प्राण्याने न पचलेली अळी ओकणे हेच असू शकते. थंडीत जेवण सकाळी किंवा दुपारी द्यावे, वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी देऊ नये आणि थर्मोस्टॅटशिवाय हीटिंग पॅड वापरू नये. उन्हाळ्यात उलट काळजी. पत्र्याखालच्या खोलीत पेटी ४० अंशांच्या वर गेली तर अळीआधी गेकोच जाईल.

आणखी दोन हरकती

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सुकवलेल्या अळ्या का देऊ नयेत, असे कोणी विचारील. बहुतेक गेको न हलणारे अन्न ओळखतच नाहीत. काही चिमट्याने हलवून दिल्यावर शिकतात. पण सुकवलेल्या अळीत पाणी नसते, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच तर हवे असते. कधीतरी पूरक म्हणून ती चालेल, रोजचे अन्न म्हणून नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. ज्या घरात मुंगीलाही मारत नाहीत, माळकरी माणसे आहेत किंवा जैन कुटुंब आहे, तिथे रोज जिवंत जीव दुसऱ्याच्या तोंडी देणे योग्य आहे का? हा प्रश्न टाळून गेको पाळू नये. लेपर्ड गेको शाकाहारी होऊ शकत नाही. आपल्या तत्त्वासाठी त्याला उपाशी किंवा अर्धपोटी ठेवणे ही त्याच्यावरची हिंसाच आहे. ज्यांच्या मनाला हे पटत नाही त्यांनी हा प्राणी घेऊ नये. त्यांचा तो निर्णय पूर्ण आदराचा आहे. ज्यांनी घेतला आहे, त्यांनी अळ्यांनाही चांगले अन्न, हवेशीर जागा आणि गरजेपुरतीच संख्या द्यावी. भुकेल्या, कोंबून भरलेल्या अळ्यांत पोषण कमी असते, म्हणून त्यांच्याशी बरे वागणे गेकोच्याही हिताचे आहे.

घर, आजार आणि कायदा

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. अळ्या हाताळल्यावर आणि पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत, वाट्या स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत, पाच वर्षांखालच्या मुलांना हे काम देऊ नये. दमा किंवा कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्याने कोंड्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. एका पेटीत उरलेली अळी दुसऱ्या गेकोच्या पेटीत टाकू नये; आजारी गेकोच्या विष्ठेतले क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी अशाच वाटेने पसरतात आणि लेपर्ड गेकोची शेपटी वाळवून त्याला मारतात.

अळी खाल्ल्यावर थरथर, लाळ, तोल जाणे किंवा पाय लुळे पडणे दिसले तर विषबाधेची शक्यता धरावी. खाणे थांबवावे, पेटी नेहमीच्या ऊबेत ठेवावी, उरलेल्या अळ्या आणि ओकलेले बंद डबीत घ्यावे आणि पशुवैद्याला गाठावे. तेल, मीठ-पाणी, हळद यांपैकी काहीही तोंडात घालू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर थोडे आहेत, म्हणून गरज पडण्याआधीच चौकशी करून नंबर लिहून ठेवावा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.

गेको कुठून आणला, हेही पाहायला हवे. महाराष्ट्राच्या रानात लेपर्ड गेकोचा एक नातलग, युब्लेफॅरिस फस्कस, राहतो. माळरानावर तो किंवा दुसरा कोणताही रानटी प्राणी सापडला तर तो घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी, त्याची पावती आणि शंका असल्यास वन विभागाकडे विचारणा, एवढे प्रत्येकाने करावे.

तेव्हा जिवंत अळीला घाबरू नका. ती सोयाबीनच्या रानातून, रुईच्या झाडावरून किंवा दिव्याखालून आलेली नको. खात्रीच्या कोंड्यावरची किंवा निरोगी तुतीवरची, डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा बारीक, आदल्या दिवशी नीट जेवलेली, कॅल्शियम लावलेली अळी, ऊबदार पेटीतल्या गेकोला, गुळगुळीत वाटीत द्या आणि उरलेली उचला. तुमच्या ओळखीत कोणी गेको पाळत असेल आणि शेतातून अळ्या आणत असेल, तर त्याला आजच थांबवा.